ऐकलेलें वाङ्मय आणि छापलेलें अक्षर

वाङ्मय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पुस्तक येतें. शाळेंत ज्यास आपण मराठी विषय म्हणतों तो पहिल्या धड्यापासून शेवटच्या कवितेपर्यंत छापलेला असतो. आणि जें छापलेलें नाहीं तें अभ्यासण्याजोगें नाहीं, अशी समजूत विद्यार्थ्यांच्याच नव्हे तर पालकांच्याही मनांत नकळत घर करून बसते. वस्तुतः मनुष्यजातीच्या वाङ्मयाचा फार मोठा भाग कधींच छापला गेलेला नाहीं. तो ऐकला गेला, पाठ केला गेला, आणि एका पिढीनें दुसरीच्या कानांत घातला. हें वाङ्मय कागदावर आणावें काय, आणावयाचें तर कोणीं व कोणत्या रीतीनें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. प्रश्न प्रथमदर्शनीं विद्वानांचा वाटेल. पण तो आमच्या वर्गांतील मुलांच्या घरापर्यंत येऊन पोहोंचतो.

कॅनडा देशांत रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट नांवाचे एक कवि आहेत. त्यांचा जन्म १९४६ सालचा. ते जसे कवि तसेच मुद्राक्षरांचे मर्मज्ञ आहेत. अक्षरजुळणीच्या कलेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९९२ सालीं निघाला, व तो या धंद्यांतील लोक आधारभूत मानितात. याच गृहस्थांनीं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील बेटांत राहणाऱ्या हायदा नांवाच्या मूलनिवासी लोकांची भाषा अभ्यासून त्यांच्या कथाकाव्यांचें इंग्रजींत भाषांतर केलें. त्याविषयींचा त्यांचा मुख्य ग्रंथ १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. १८६२ सालची देवीची साथ व तिच्या मागोमाग आलेले रोग यांनीं हे लोक इतके खालावले कीं, १९०० सालाच्या सुमारास ते हजाराच्याही आंत उरले होते. त्याच सालीं जॉन स्वॉन्टन नांवाचा एक तरुण अमेरिकन अभ्यासक तेथें गेला, आणि स्काय नांवाचा एक पंगु वृद्ध व घंदल नांवाचा एक अंध पुरुष यांच्या तोंडून त्यानें कित्येक कथा त्यांच्याच भाषेंत शब्दशः उतरून घेतल्या. हायदा साहाय्यकानें वाक्यामागून वाक्य सावकाश पुन्हा उच्चारावें आणि स्वॉन्टननें तें लिहावें, असा त्यांचा क्रम असे.

स्वॉन्टननें एक लहानशी गोष्ट केली, तिचें मोल पुढें फार ठरलें. कथा कोणी सांगितली त्याचें नांव त्यानें लिहून ठेविलें. त्यामुळेंच सुमारें शंभर वर्षांनीं ब्रिंगहर्स्ट यांस म्हणतां आलें कीं, ह्या कोणा एका जमातीच्या दंतकथा नसून स्काय आणि घंदल या दोन कवींच्या कृति आहेत. गद्यासारख्या सलग छापलेल्या त्या कथा त्यांनीं ओळींत मांडल्या. सांगणाऱ्याचा विचार जेथें वळतो तेथें ओळ वळविली. म्हणजे भाषांतरकाराचें काम कवीनें केलें आणि पानावरील मांडणीचें काम अक्षरज्ञानें केलें, व हे दोघे एकच होते. तथापि या कीर्तीस दुसरी बाजूही आहे. आमच्या पूर्वजांच्या कथांस हात घालण्यापूर्वीं आम्हांस विचारावयास हवें होतें, अशी तक्रार कित्येक हायदा लोकांनीं केली. ती तक्रार मला वाजवी वाटते, आणि तिच्याकडे मी पुढें येणारच आहें.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. १८१३ सालीं येथें आलेल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं मराठी खिळ्यांस सुबक वळण दिलें. त्याच छापखान्यांत लहानपणीं कामास लागलेले जावजी दादाजी यांनीं पुढें १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. ही परंपरा पुढें शिशाच्या खिळ्यांवरून संगणकाच्या पडद्यावर आली तेव्हां तिला रघुनाथ कृष्ण जोशी हे लाभले. जोशी (१९३६–२००८) हे कवि, सुलेखनकार आणि मुद्राक्षरांचे रचनाकार होते. घाटकोपर-मुलुंडच्या मुलांस जवळच असलेल्या पवईच्या आय. आय. टी. मध्यें त्यांनीं अध्यापन केलें, आणि मागाहून जुहू येथील राष्ट्रीय संस्थेंत भारतीय लिप्यांचीं संगणकीय अक्षरें घडविलीं. ज्यांनीं संगणकावर मराठी लिहिलें आहे त्यांच्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांखालून जोशी यांचें ‘मंगल’ हें अक्षर गेलेलें आहे. परंतु त्या अक्षराच्या कर्त्याचें नांव किती जणांस ठाऊक असेल?

जोशी यांच्या कामांतील एका गोष्टीकडे मी वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. वेद हें मुळांत मुखोद्गत वाङ्मय आहे. त्यांत स्वर वर गेला, खालीं आला कीं अर्थ बिघडतो अशी पठण करणाऱ्यांची श्रद्धा. म्हणून पोथ्यांतून स्वरांच्या निरनिराळ्या खुणा करीत. त्या खुणा संगणकाच्या जागतिक अक्षरसंचांत याव्यात म्हणून ज्यांनीं परिश्रम केले त्यांत जोशी हे एक होते. त्या खुणांचा मोठा भाग २००९ सालीं, म्हणजे त्यांच्या निधनानंतरच्या वर्षीं, युनिकोडच्या ५.२ या आवृत्तींत दाखल झाला. हें काम योग्यच झालें. पण यावरून एक न्याय निघतो तो आपण मान्य करावयास हवा. एका वाङ्मयाच्या उच्चारासाठीं जर लिपीनें एवढे कष्ट घ्यावयाचे, तर डोंगराच्या पाड्यावरील म्हातारीच्या गाण्यासाठीं तिनें कांहींच कष्ट घेऊं नयेत काय? जें मुखानें जगलें त्याचा मान राखावा, हें तत्त्व एकदां स्वीकारल्यावर मुख कोणाचें हें पाहतां येत नाहीं.

हा पाडा दूर नाहीं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत आणि गोरेगांवच्या आरे वसाहतींत वारली लोकांचे पाडे आहेत. त्यांचे बहुसंख्य भाईबंद पालघर जिल्ह्यांत व दादरा-नगर हवेलींत राहतात. त्यांच्या लग्नांत भिंतीवर पांढऱ्या पिठानें चौक काढितात, त्यांत पालघट देवीची आकृति असते, आणि धवलेरी म्हणजे लग्न लावणारी स्त्री गाणीं म्हणून तो विधि पार पाडते. चित्र आणि गाणें हीं तेथें एकाच कार्याचीं दोन अंगें होत. त्यांतील चित्र जगभर गेलें. जिव्या सोमा म्हसे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. आज वारली आकृति साड्यांवर, पेल्यांवर आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर दिसतात, आमच्या मुलांच्या चित्रकलेच्या वह्यांतही दिसतात. गाणें मात्र भिंतीपाशींच राहिलें. याचें कारण उघड आहे. चित्र पाहावयास भाषा लागत नाहीं, गाणें समजून घ्यावयास ती लागते. आणि ती शिकण्याची तसदी आपण घेतली नाहीं. कवयित्री कविता महाजन (१९६७–२०१८) यांनीं ती घेतली, व वारली लोकगीतें संकलित करून मराठी वाचकांपुढें ठेविलीं. जें ब्रिंगहर्स्ट यांच्या ठायीं एकवटलें तें आपल्याकडे असें विभागलें गेलें: एका कवीनें अक्षर घडविलें, दुसरीनें गाणें ऐकलें. हीं दोन कामें एकमेकांस भेटावींत, एवढेंच माझें म्हणणें आहे.

तीं भेटावयाचीं तर तीन गोष्टी पाळाव्या लागतील असें माझें मत आहे.

पहिली गोष्ट, सांगणाऱ्याचें नांव व त्याची संमति. आपल्या पुस्तकांत ‘लोकगीत’ एवढाच शब्द छापून आपण मोकळे होतों, जणूं लोकांस नांवेंच नसतात. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या दोघांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून जात्यावरील ओव्या जमविल्या. त्यांची संख्या लाखाहून अधिक भरली, आणि त्या गाणाऱ्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांचीं नांवें व गांवें त्यांनीं नोंदून ठेविलीं. हें ज्यास अवघड वाटेल त्यानें त्या लाखाच्या आंकड्याकडे पाहावें. आणि नांवापूर्वीं परवानगी. कांहीं गाणीं लग्नांतच म्हणावयाचीं असतात, कांहीं परक्यापुढें म्हणावयाचीं नसतात. गाणारी ‘हें लिहूं नको’ म्हणाली तर लेखणी खालीं ठेवावी. हायदा लोकांच्या तक्रारीपासून शिकावयाचें तें हेंच.

दुसरी गोष्ट, बोली जशी आहे तशीच ठेवणें. शुद्धलेखनाच्या हौसेनें गाण्यांतील शब्द सुधारूं नयेत. ज्याचा अर्थ वाचकास कळणार नाहीं त्याचा खालीं द्यावा. शुद्ध म्हणविणाऱ्या मराठीचे तरी सारे उच्चार लिपींत कोठें आहेत? दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि ‘चिरकाल जग’ या आशीर्वादांतील ‘जग’ हे दोन शब्द आपण एकाच अक्षरानें लिहितों व दोन तऱ्हेनें उच्चारितों. तेथें आपला कान लिपीस सांभाळून घेतो. तसाच त्यानें बोलीसही सांभाळून घ्यावें.

तिसरी गोष्ट मांडणीची. गाणारीचा श्वास जेथें थांबतो तेथें ओळ थांबावी. जें पालुपद सर्वजणी मिळून म्हणतात तें वेगळें दिसावें. जागा वांचविण्यासाठीं चार ओळी एकींत कोंबणें म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणें होय.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा कीं, छापल्यानें गाणें मरतें. तें कंठांतच शोभतें. यांत तथ्य आहे, आणि कागद म्हणजे कंठाची बदली असें कोणींही समजूं नये. कागदही अमर नाहीं. फादर टॉमस स्टीफन्स यांचें ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें, तेंही रोमन अक्षरांत. त्या शतकांतील त्याच्या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितें करणाऱ्यांच्या हातांनीं आणि तें वाचून-गाऊन ऐकविणाऱ्या भाविकांच्या मुखांनीं तें जगलें, म्हणून १९०७ सालीं मंगळूर येथें पुन्हा छापतां आलें. मुखानें कागदास तारलें, तसा हायदा लोकांच्या बाबतींत कागदानें मुखास हात दिला. दोघांस एकमेकांची गरज आहे, हाच त्यांतील बोध.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो मी अधिक गंभीर मानितों. ‘आम्ही मुलांस शाळेंत घातलें तें चांगली भाषा शिकावी म्हणून, घरचे शब्द त्यांनीं विसरावेत हीच आमची इच्छा. आणि तुम्ही उलट तेच लिहावयास सांगतां?’ या प्रश्नामागें कष्ट आहेत, अपमान सोसलेले आहेत. तो हसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. प्रमाण भाषा शिकविणें हें शाळेचें कर्तव्य आहे. अर्ज, परीक्षा, न्यायालय, नोकरी यांचीं दारें तिच्याच किल्लीनें उघडतात, व ती किल्ली प्रत्येक मुलाच्या हातीं दिलीच पाहिजे. परंतु नवी किल्ली देतांना घरची किल्ली काढून घ्यावी असें कोठें आहे? आजीच्या तोंडचा शब्द वहींत आला आणि त्यावर तांबडी रेघ ओढली गेली, तर मूल केवळ शब्द सोडीत नाहीं. आजी अडाणी आहे असें तें शिकतें. मग तें घरीं तिला कांहीं विचारीत नाहीं, आणि तिच्याबरोबर तिचें भांडार निघून जातें. कोणत्याही साथीवांचून, केवळ लाजेनें, एक वाङ्मय नाहींसें होऊं शकतें. हायदा लोकांवर जें दैवानें आणलें तें आपण आपल्या हातांनीं आपल्या घरांवर कां आणावें?

आमच्या शाळेच्या पटावर वेसाव्याच्या व गोराईच्या कोळ्यांचीं मुलें आहेत. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत उमराचें पाणी आणणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घराण्यांचीं मुलें आहेत. पाड्यांवरून येणारीं मुलें आहेत. आणि कोंकणांतून व घाटावरून पोटासाठीं मुंबईस आलेल्या कुटुंबांचीं तर कितीतरी आहेत. यांपैकीं बहुतेकांच्या घरीं एखादी आजी, मावशी किंवा शेजारीण अशी आहे कीं, जिला येणारें गाणें कोणत्याही पुस्तकांत नाहीं. म्हणून माझी संपादक मंडळास सूचना आहे कीं, पुढील वर्षापासून या वार्षिकाच्या मराठी विभागांत चार पानें अशा वाङ्मयासाठीं राखून ठेवावींत. मुलांनीं दिवाळीच्या सुट्टींत गाणें किंवा गोष्ट ऐकावी, परवानगी घेऊन लिहावी, व घरीं फोन असल्यास त्यावर आवाजही उतरून ठेवावा. लिहिलेलें सांगणाराला वाचून दाखवावें आणि ती म्हणेल ती दुरुस्ती करावी. वर सांगणारीचें पूर्ण नांव मोठ्या अक्षरांत छापावें, आणि लिहून घेणाऱ्याचें खालीं लहान अक्षरांत. भाषेच्या शिक्षकांनीं तेथें तांबडी लेखणी चालवूं नये.

विद्यार्थिमित्रहो, हें काम करावयास तुम्हांस पदवी नको, अनुदान नको आणि दूरच्या बेटांचा प्रवासही नको. एक वही हवी आणि मध्येंच न बोलतां ऐकण्याची संवय हवी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां कठीण आहे, हें मी वर्गांत रोज पाहतों. परंतु सुट्टी तीन आठवड्यांची असते, आणि ज्यांच्यापाशीं हीं गाणीं आहेत त्यांचीं वयें वाढत चाललीं आहेत. तेव्हां पुढच्या वर्षावर न टाकतां याच सुट्टींत आरंभ करा.