होडीवरचा हिवाळा

भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, कणग्या भरल्या, की आपल्या रायगड जिल्ह्यात दोन तऱ्हेची घरे दिसू लागतात. ज्याच्या विहिरीला गोडे पाणी आहे तो वाल-पावटा आणि भाजीपाल्याच्या मागे लागतो. ज्याची जमीन खारी, तो दाराला कडी लावून बाहेर पडतो. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी पनवेल-मुंबईकडे मजुरीला. पेणच्या खारेपाटातले एक जोडपे मात्र दर हिवाळ्यात होडीवर राहायला जाते. नवरा, बायको आणि त्यांचे एक मांजर. गेल्या पौषात मी त्यांच्या होडीवर दोन रात्री काढल्या. त्यांची हकिकत आज तुम्हाला सांगतो. ती पाण्यावरची असली तरी शेवटी आपल्या बांधावर येऊन पोचते.

ही होडी असते धरमतरच्या खाडीत. अंबा नदी या खाडीतून समुद्राला मिळते आणि पेणची भोगावतीही हिलाच येऊन मिळते. सडका नव्हत्या तेव्हा पेणचा तांदूळ आणि मीठ अंतोऱ्याच्या बंदरातून मचव्यांनी मुंबईला जाई. रात्री जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर मचवे बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत फिरत. ते मचवे गेले. आता खाडीतून मोठे बार्ज जातात, आणि त्यांच्या लाटेने लहान होडी पाळण्यासारखी हलते.

काकांची जमीन तीस गुंठे, बांधाच्या आत. पावसाने क्षार धुऊन निघाले की त्यात भाताचे एक पीक येते. पाऊस सरला की क्षार पुन्हा वर चढतात, म्हणून दुसरे पीक नाही. मार्गशीर्ष लागला की होडी पाण्यात, ती होळीपर्यंत. काकींचे माहेर रोहा तालुक्यातले, कुंडलिकेच्या काठचे. भरतीचे पाणी रोह्यापर्यंत चढते, त्या पाण्यातच त्या लहानपणी वल्हे मारायला शिकल्या. "कुंडलिकेची मासली आता रोडावली भाऊ, पन वल्हं काय हात इसरत नाय," असे त्या म्हणाल्या.

होडी पंचवीस फूट लांब, मध्यावर सहा फूट रुंद. नाळेकडच्या बाजूला जाळी आणि दोर. मध्ये बांबूच्या कमानीवर ताडपत्री टाकून केलेली खोली, म्हणजे दोन माणसांनी पाय पसरले की संपली. पिछाडीला पत्र्याच्या डब्यात माती थापून केलेली चूल, शेजारी गोड्या पाण्याचे दोन ड्रम. होडीखाली पाणीच पाणी, पण पिण्याचे प्रत्येक तांब्याचे माप मोजून. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची आणि शेवटी एक वाटी गोडे पाणी फिरवायचे. ज्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात त्यांना हे मी सांगायला नको.

तिथे घड्याळ नाही, भरती-ओहोटी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला जोर असतो, ते उधाण. अष्टमीच्या आसपास जोर उतरतो, तो भांग. डोल नावाचे पिशवीसारखे जाळे खाडीत खुंटांना बांधलेले असते आणि पाण्याच्या ओढीनेच मासळी त्यात शिरते. म्हणून उधाणाचे दिवस पाण्यावर काढायचे आणि भांगाचे दिवस घरी, जाळी शिवण्यात. काकांनी मला भरतीचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता मुंबईकडे पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर धरायचा. हिशेब ढोबळ आहे, पण खाडीकाठच्या प्रत्येक घराने पाठ करावा असा आहे.

दिवसात चार वेळा पाणी चढणे-उतरणे बदलते आणि मध्ये थोडा वेळ थांबते. त्या थांबलेल्या पाण्यात जाळे ओढायचे, मग ते दुपारी येवो की रात्री दोनला. "पानी थांबलं की उठाचं, घड्याळ कशाला पायजे?" असे काका म्हणाले. एकाने होडी खुंटाशी धरून ठेवायची, दुसऱ्याने डोलीचे शेपूट, म्हणजे खोला, वर ओढून सोडायचा. हे काम एकट्या माणसाला होत नाही. काका ओढतात तेव्हा काकी वल्ह्यावर. काकांचा खांदा दुखतो म्हणून आता पुष्कळदा काकी ओढतात आणि काका वल्ह्यावर. जवळा, करंदी, एखादा बोय, दैव असेल तर कोलंबी. निवडायचे काम दोघांचे. पहाटे काठावर विकायला जातात त्या काकी.

पौषातली थंडी पाण्यावर वेगळीच. पहाटे धुके असे दाट पडते की नाळेवरून पिछाडी दिसत नाही. दहिवराने गोधडी ओली होते, म्हणून ती दिवसा ताडपत्रीवर वाळत घालायची आणि सूर्य कलायच्या आत गुंडाळायची. रात्री काठावरच्या पोरांनी पोपटी लावली होती. भांबुर्डीच्या पाल्याचा आणि वालाच्या शेंगांचा वास पाण्यावरून येत होता. आमच्या ताटात तांदळाची भाकरी आणि करंदीचे कालवण होते, आणि ते मला कोणत्याही जेवणावळीहून गोड लागले.

आता मांजराचे. तिचे नाव मनी. लाडाची म्हणून ती होडीवर नाही, कामाची म्हणून आहे. होडी काठाला लागली की उंदीर दोरावरून आत उतरतात, पिठाच्या डब्याला तोंड लावतात आणि मासळीच्या वासाने जाळे कुरतडतात. एका रात्रीत पाडलेले भोक शिवायला दोन दिवस जातात. मनी आल्यापासून ते बंद झाले. पहिल्या ओढीतली मूठभर मासळी तिची, आणि नारळाच्या करवंटीत गोडे पाणीही तिचे. त्या मापात कधी कमी पडू द्यायचे नाही, हा काकींचा नियम.

जगभरच्या जहाजांवर याच कामासाठी मांजरे पाळत आली. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीने १८०१ ते १८०३ या काळात ऑस्ट्रेलिया खंडाला वळसा घातला, तेव्हा ट्रिम नावाचे त्याचे मांजर बरोबर होते. पिल्लू असताना ते समुद्रात पडले आणि दोराला धरून पुन्हा जहाजावर चढले. मालकाने पुढे त्याच्यावर लेख लिहून ठेवला. शेतकऱ्याच्या मांजरावर लेख कोणी लिहीत नाही, पण कणगीतले धान्य कोणामुळे वाचते ते घरच्या बाईला ठाऊक असते. म्हणून एक सूचना करतो. शेतात किंवा घरात उंदरांसाठी विषारी औषध घालाल तेव्हा मांजर कोंडून ठेवा आणि मेलेले उंदीर खोल पुरा. विष खाल्लेला उंदीर मांजराच्या तोंडी गेला तर राखणदारच जाते.

मी गेलो त्या दिवशी काकींनी मला एक गंमत म्हणून दाखवले होते. ओहोटीला होडी बांधाशी टेकली की मनी उडी मारून बांधावर जाई आणि एकाच जागी दबा धरून बसे. "दोन दिस झाले, तितच बसते," काकी म्हणाल्या. काकांनी जाऊन पाहिले. बांधाला उंदरांची बिळे होती आणि खालच्या अंगाला चिंबोऱ्यांची भोके. भांगात घरी गेलो की माती घालू, असे ठरले.

दुसरी रात्र पौष वद्य द्वितीयेची. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर रात्रीचे उधाण दिवसापेक्षा मोठे असते, पावसाळ्यात याच्या उलट. तिथीच्या हिशेबाने दीडची भरती, आत दोनपर्यंत. आम्ही पाणी थांबायची वाट पाहत होतो. सगळे निवांत. तेवढ्यात काकी म्हणाल्या, "पानी वाजतंय." मला काही ऐकू आले नाही. त्यांनी होडी बांधाकडे घ्यायला लावली. मनी बसायची त्याच जागी, बांधाच्या आतल्या अंगाने, मनगटाएवढी धार शेताकडे पडत होती.

काकांनी गावात फोन लावला आणि हाका मारल्या. माणसे यायला अर्धा तास लागणार होता आणि तेवढ्या वेळात भोकाची खांड झाली असती. काकींनी विचार केला नाही. कमानीवरची ताडपत्री दोर कापून काढली, वल्ह्याने पाण्यात खाली ढकलली आणि खाडीकडच्या तोंडावर पसरली. पाण्याच्या दाबाने ती आपोआप भोकात बसली. वरून चिखलाचे गोळे. धार बारीक झाली. नंतर गावकरी पेंढा, माती आणि भरलेली पोती घेऊन आले आणि पहाटेपर्यंत बांध आवळला. मीही चार पाट्या माती वाहिली. धार आतून दाबू नका, खाडीच्या बाजूने झाका, हे मी तिथे शिकलो, तुम्हीही लक्षात ठेवा.

उरलेली रात्र आम्ही उघड्या होडीत दहिवरात काढली. छप्पर बांधाच्या पोटात गेले होते.

या बांधाची किंमत खारेपाटाबाहेरच्या वाचकांना कदाचित कळणार नाही. ही जमीन समुद्राकडून मागून घेतलेली आहे. जुन्या काळी पेण भागात शिलोत्रीची पद्धत होती. शिलोत्रदाराने बाहेरकाठा राखायचा आणि कुळांनी त्यापोटी धान्य द्यायचे. पुढे १९४८ साली मुंबई प्रांतात खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. कायदे झाले, योजना झाल्या, तरी भरती काही रजा घेत नाही. एकदा खारे पाणी आत शिरले की पुढची दोन-तीन वर्षे भात धड येत नाही.

दोन दिवसांनी देवळात बैठक झाली. बांधाच्या दुरुस्तीला कोणी किती माती आणि किती दिवस द्यायचे ते ठरवायचे होते. सातबाऱ्यावरून खातेदारांची यादी वाचली गेली. काकांचे नाव आले, तेव्हा चार जणांनी मान हलवून त्यांचे कौतुक केले. काकी दाराशी बायकांत बसल्या होत्या. त्यांचे नाव यादीत नव्हते, कारण ते सातबाऱ्यावर नव्हते. यादी वाचणाऱ्याचा त्यात दोष नाही.

परत येताना त्यांनी मला विचारले, "भाऊ, माजं नाव कंच्या कागदावर हाय?"

आम्ही मोजले. रेशनकार्डावर आहे, कुटुंबप्रमुख म्हणून. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली मोठी बाई प्रमुख धरली जाते. होडीच्या कागदावर नाही. सातबाऱ्यावर नाही. धान्य आणायच्या कागदावर आहे, धान्य पिकवायच्या कागदावर नाही.

काका पुढे चालत होते. त्यांनी ऐकले, पण बोलले नाहीत. मग मी त्यांना सांगितले ते तुम्हालाही सांगतो. १९९२ सालापासून महाराष्ट्रात लक्ष्मीमुक्ती योजना आहे. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून ती पुढे आली. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर त्याच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. ना खरेदीखत, ना कोणाला पैसे. अर्ज तलाठी कार्यालयात द्यायचा. मुलांचा हक्क त्याने बुडत नाही. उद्या नवरा नसला तर बाईला आपल्याच बांधावर उपऱ्यासारखे उभे राहावे लागू नये, एवढेच त्यामागे आहे.

काका बराच वेळ गप्प होते. होडीवर आल्यावर वल्हे हातात घेऊन म्हणाले, "हिच्याबिगर ही होडी खुंटाशी उभी ऱ्हात नाय. ता मला ठाव हाय. कागदाचा कवा सुचलाच नाय." काकी चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. "भांग आला की जाऊ," काका म्हणाले.

वद्य अष्टमीला दोघे पेणला गेले आणि अर्ज देऊन आले. होडी बांधाला बांधलेली होती, तिच्यावर नवी ताडपत्री होती, आणि राखणीला मनी होती.

वाचकहो, होडी लहान असते म्हणून तिच्यावर कोण किती राबतो ते लपत नाही. शेत मोठे असते. पेरणी, लावणी, बेणणी, कापणी यांत बाईचे हात कुठे कुठे लागले ते दिसेनासे होते. आज जेवणे झाली की पेटीतला सातबारा काढा आणि कंदिलाखाली नाही तर बल्बाखाली धरून वाचा. त्यावर किती नावे आहेत ते मोजा. मग घरात किती माणसे राबतात ते मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पुढच्या भांगाची वाट बघू नका.