शेतकऱ्याच्या घरात शिल्लक का उरत नाही?

शेतकरी कुटुंबाची बचत चार गोष्टींवर ठरते: उत्पन्न किती, ते केव्हा हाती येते, माल कोणत्या भावाने विकावा लागतो आणि संकटात आधार कोणाचा. लग्नकार्याच्या खर्चावर बोट ठेवून शेतकऱ्याला काटकसर शिकवणारे या चारही गोष्टींकडे डोळेझाक करतात.

उत्पन्न : राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 77व्या फेरीनुसार 2018-19 मध्ये देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये होते. त्यात पिकांचा वाटा 3,798 रुपये, तर मजुरी व पगाराचा 4,063 रुपये. निम्मी कुटुंबे कर्जात होती. अशा घरात चार पैसे उरलेच, तर आधी व्याज ते खाते.

वेळ : मराठवाडा-विदर्भातील कोरडवाहू घरात सोयाबीन-कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो; पावसाने ओढ दिली तर तोही बुडतो. दारात दुभते जनावर असले आणि डेअरी दर दहा दिवसांनी दुधाचा पगार करत असली, तर भिशीचा आणि बचत गटाचा हप्ता चुकत नाही. थोडा पण नियमित पैसाच शिल्लक पाडतो. उसाचे पैसे 14 दिवसांत देण्याचे बंधन 1966च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. कारखान्याने ते मोडले की ऊस उत्पादक उसनवारीवर दिवस काढतो.

भाव : सुगीत आवक वाढते, भाव पडतो, आणि त्याच वेळी कृषी सेवा केंद्राची उधारी दारात उभी राहते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. तीत गोदामात ठेवलेल्या बहुतेक शेतमालावर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. पण गोदाम लांब असेल, तर दहा पोती घेऊन तिथवर जाण्याचे भाडे लहान शेतकऱ्याला परवडत नाही.

आधार : गावाकडची बचत शेळीत, कणगीतल्या धान्यात आणि गळ्यातल्या सोन्यात असते. घरात एक मोठे आजारपण आले की शेळी विकली जाते, सोने गहाण पडते आणि अनेक वर्षांची पुंजी एका महिन्यात संपते.

म्हणून मागण्या चार :
1. कोरडवाहू शिवाराला किमान एका पिकाचे संरक्षित पाणी.
2. शेतमालाचे पैसे मुदतीत. उशीर झाल्यास व्याजासह.
3. गावाच्या टप्प्यात गोदाम व तारण कर्ज.
4. तालुक्यातच मोफत शस्त्रक्रिया व उपचार.

या चार गोष्टी झाल्या, तर कष्टाने मिळवलेला पैसा शेतकऱ्याच्या घरात टिकेल.