हौसेची गाडी, सोयीची गाडी



लागणीच्या तारखा, खताचे हप्ते आणि हुमणीचा बंदोबस्त हे आपल्या वार्तापत्राचे नेहमीचे विषय. ते पुढेही राहतीलच. परंतु या खेपेस आम्ही एक निराळा विषय हाती घेत आहोत. तो आहे स्वतःच्या डोक्याने आणि स्वतःच्या हाताने घडवलेल्या तऱ्हेवाईक गाड्यांचा. कोणी मोटारसायकलला डिझेल इंजिन बसवतो, कोणी भंगारातून जीप उभी करतो, तर कोणी ट्रॅक्टर असा सजवतो की नवरदेवाची वरात वाटावी. 'उसाच्या कागदात मोटारींचं काय काम?' असे काही जाणते सभासद विचारतील. काम आहे. कसे, ते शेवटपर्यंत वाचावे म्हणजे कळेल.

पहिली गोष्ट ही, की गाडीचे वेड आपल्याकडे मोटारीबरोबर आलेले नाही. बेंदराला आपण बैलाची शिंगे रंगवतो, शेंब्या बसवतो, पाठीवर झूल घालतो, गळ्यात घुंगरमाळा बांधतो. त्याने बैल जास्त ओढत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. तरी करतो. कारण ज्याच्या जिवावर आपले वर्ष निघते ते जनावर चारचौघांत उठून दिसावे, आणि पाहणाऱ्याने 'ही जोडी कुणाची?' म्हणून विचारावे, ही ओढ माणसाच्या मनात मुळातच असते. आज ज्या घरी बैल नाही त्या घरचा पोरगा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर गोंडे लावतो आणि ट्रॉलीच्या फाळक्यावर 'आई-बाबांचा आशीर्वाद' रंगवून घेतो. झूल बदलली, हौस तीच.

दुसरी गोष्ट याहून मोठी. हौसेइतकीच सोयीनेही आपल्या माणसाला गाडी मोडून पुन्हा घडवायला लावले आहे. लाकडी चाकांच्या गाडीला रबरी टायर आणि लोखंडी आस बसवून टायरगाडी झाली, तेव्हा त्याच बैलांना जास्त ऊस ओढता येऊ लागला आणि रस्त्यांचीही दैना कमी झाली. पुढे बैलांच्या जागी लहान ट्रॅक्टर जोडला गेला. त्याला कोठे जुगाड म्हणतात, कोठे अंगद म्हणतात. यांतले कितीतरी बदल मोठ्या कंपनीच्या नकाशावर नव्हे, तर गावच्या वेल्डिंगच्या दुकानात, 'हितं एक पट्टी मार, तितं एक भोक पाड' असे करीत ठरले.

हे केवळ आपल्याच भागात घडले असे नाही. पाण्याच्या पंपाचे लहान डिझेल इंजिन बुलेट मोटारसायकलच्या सांगाड्यात बसवण्याची युक्ती उत्तरेकडच्या खेड्यांत आणि गावोगावच्या मेस्त्र्यांनी काढली. वेग बेताचा, धूर भरपूर, आवाज तर विचारू नका. पण डिझेल इतके थोडे लागे की शेतकरी खूश. लोक हे करतात असे पाहून पुढे एन्फिल्ड कंपनीनेच ग्रीव्हज लोंबार्डिनीचे 325 सीसीचे डिझेल इंजिन लावलेली 'टॉरस' बाजारात आणली. म्हणजे आधी मेस्त्री पुढे गेला आणि कंपनी त्याच्या मागून आली.

सौराष्ट्रातील छकडा पाहावा. पुढे बुलेटचे तोंड, मागे दोन चाकांवर हौदा, त्यात शेतमालही आणि माणसेही. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या मागे राहिलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे बाके जोडून 'फटफटी' तयार झाल्या. चांदणी चौकाकडून कॅनॉट प्लेसकडे त्यांनी कितीतरी वर्षे उतारू वाहिले. प्रदूषणाच्या कारणावरून 1998 मध्ये त्या बंद झाल्या. फिलिपिन्स देशातही तसेच. अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या जीप तेथील लोकांनी मागून लांब केल्या, दोन्ही बाजूंना बाके घातली, अंगभर रंग चढवला आणि 'जीपनी' नावाचे लोकांचे वाहन उभे केले. लढाईचे सामान संसाराच्या कामी लावणारी ही माणसे आपल्याला परकी वाटत नाहीत.

आता जवळचे उदाहरण. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून आपण ओळखतो. सन 2021 च्या अखेरीस त्याच गावाचे नाव वेगळ्या कारणाने देशभर गेले. तेथील फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या एका कारागिराने मुलाच्या हौसेसाठी भंगारातील सुटे भाग जमवून चारचाकी गाडी बांधली. खर्च सुमारे 60,000 रुपये. गाडी जीपसारखी दिसणारी, परंतु मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी! महिंद्र उद्योगाचे आनंद महिंद्र यांनी त्या कारागिराचे जाहीर कौतुक केले. त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नाही, अधिकारी आज ना उद्या तिला अडवतील, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो त्या कुटुंबाला मिळाली आणि हाताने घडवलेली गाडी महिंद्रांनी आपल्याकडे ठेवण्यासाठी घेतली.

या गोष्टीत आमच्या मते दोन धडे आहेत, आणि बहुतेकांनी एकच घेतला. 'बघा, नशीब कसं उघडलं!' एवढेच म्हणून लोक थांबले. पण ज्या गाडीचे कौतुक झाले ती गाडी रस्त्यावर चालवायला योग्य नव्हती, हा दुसरा धडा तितकाच महत्त्वाचा आहे. कारागिराचा हात पहिल्या प्रतीचा असू शकतो, आणि तरीही गाडी धोक्याची असू शकते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

अशा गाड्यांचे लोकांना एवढे आकर्षण का वाटते? आम्हांस वाटते, त्याचे कारण साधे आहे. कारखान्यातून आलेली गाडी एकासारखी एक असते. तिच्यात मालकाचे काही नसते, फक्त हप्ते त्याचे असतात. हाताने घडवलेल्या गाडीत मात्र घडवणाऱ्याचे डोके, त्याची अडचण आणि त्याची ऐपत उघडी दिसते. म्हणून ती चौकात थांबली की पोरे गोळा होतात आणि म्हातारेही काठी टेकत येऊन चाकाकडे बघतात.

निव्वळ हौस म्हणून केलेल्या गाड्यांनाही आम्ही नावे ठेवणार नाही. हैदराबादेत के. सुधाकर यांनी बुटाच्या, वांग्याच्या, बर्गरच्या, कॅमेऱ्याच्या आकाराच्या चालत्या मोटारी बनवल्या आणि 2010 मध्ये त्यांचे संग्रहालय उघडले. वांग्याच्या मोटारीने कुणाचे पोट भरत नाही हे खरे, पण ती पाहून एखाद्या पोराला पान्हा हातात धरावासा वाटला, तर तेवढे पुष्कळ झाले. जपानमध्ये तर मालट्रकांना दिव्यांच्या माळांनी आणि चकचकीत पत्र्यांनी मढवण्याची जुनी चाल आहे. तिच्यावर 1975 ते 1979 या काळात चित्रपटांची मालिकाच निघाली. हौसेला मोल नसते, हे आपले वाडवडील सांगून गेलेच आहेत. मात्र ऋण काढून सण करू नये, हेही त्यांनीच सांगितले आहे. उसाचे बिल हाती पडायच्या आत ते बुलेटच्या रंगरंगोटीवर आणि गाण्यांच्या भोंग्यांवर ज्यांनी खर्ची टाकले असेल, त्यांनी या दोन म्हणी एकाखाली एक लिहून ठेवाव्यात.

आता कायद्याचे बोलू. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, गाडी बनवणाऱ्या कंपनीने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्याआधी 2013 मध्ये उत्तरेकडील 'जुगाड' गाड्यांबाबत न्यायालयाने सांगितले होते की, त्याही मोटार गाड्याच आहेत आणि कायद्यातून सुटत नाहीत. परंतु कायदा अगदीच आंधळा नाही. अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीची त्याने वेगळी दखल घेतली आहे. स्कूटरला मागे दोन जादा चाके लावून ज्याला पहिल्यांदा स्वतःच्या बळावर बाजाराला जाता आले, त्याला विचारावे, गाडीतला बदल म्हणजे काय असते ते.

कायदा आणि कारागीर यांची ही ओढाताण जगभर चालली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांना जमिनीला टेकतील इतक्या ठेंगण्या मोटारी आवडत. चाकाच्या रिमपेक्षा खाली आलेली गाडी चालवण्यास 1958 मध्ये तेथे बंदी आली. तेव्हा एकाने विमानातील टाकाऊ हायड्रॉलिक सामान मोटारीला बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली! आपल्या ट्रॉलीचा हौदा ज्या तेलाच्या दाबाने वर उचलला जातो, तोच दाब तेथे असा कामी आला. अशा मोटारींच्या फेऱ्यांवर नगरपालिकांनी घातलेली बंदी तेथील राज्य सरकारने 1 जानेवारी 2024 पासून उठवली. म्हणजे कितीतरी वर्षे गेली, पण ज्याला उपद्रव म्हणत ती अखेर त्या लोकांची कला म्हणून मान्य झाली.

परंतु आमच्या मनातील खरा प्रश्न कॅलिफोर्नियाचा नाही. तो आपल्या गाडीतळावरचा आहे. गळीत हंगामात रात्री काट्यापुढे लागलेली रांग पाहावी. ट्रॅक्टरला चार भोंगे, आठ रंगीत दिवे, पुढे मोरपिसे आणि फुलांच्या माळा. आणि मागच्या ट्रॉलीला? तांबडा दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. असला तर चिखलाने माखलेला किंवा लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेला. दोन ट्रॉल्या भरून उतारावरून येताना ब्रेक लागतो तो एकट्या ट्रॅक्टरला. मागचे सगळे वजन त्याला पुढे रेटत असते. त्यात ट्रॉलीची उंची वाढवली, बाजूला लोखंड जोडून उसाचा फुगवटा वाढवला, की वजनाचा तोल वर जातो आणि वळणावर ट्रॉली कलंडते. अंधारात बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते तेव्हा जाणारा जीव बहुधा आपल्याच सभासदाचा, नाहीतर त्याच्या पोराचा असतो. टनामागे दोन पैसे वाचवणारी आणि माणूस घेणारी सोय आम्ही सोय मानत नाही.

तेच बुलेटच्या नळकांड्याचे. मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवणे यात ना कला आहे ना कारागिरी. तो विकत मिळतो, चार बोल्ट आवळले की झाले. त्याने मेस्त्रीचे डोके लागत नाही आणि आजाऱ्याची झोप मात्र जाते. घडवणे वेगळे आणि गोंगाट विकत घेणे वेगळे, एवढा फरक आपल्या तरुण मित्रांनी जरूर करावा.

तेव्हा टीका करून आम्ही थांबत नाही. संचालक मंडळापुढे आणि सभासदांपुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, दर वर्षी बॉयलर पेटण्याआधी गाडीतळावर वाहतुकीच्या गाड्यांची एक दिवस तपासणी व्हावी. हुक, पिन, आस, टायर, मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर ठीक असेल त्याच ट्रॉलीचा वाहतूक करार पक्का करावा. रिफ्लेक्टर कारखान्याने द्यावेत. त्याचा खर्च एका अपघाताच्या दवाखान्याच्या बिलापुढे काहीच नाही. दुसरी, कार्यक्षेत्रातील फॅब्रिकेशनवाल्या कारागिरांना कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये बोलवावे. आपल्या इंजिनिअरांनी त्यांना वजनाचा तोल, वेल्डिंगची ताकद आणि ब्रेकचे गणित समजावून सांगावे, आणि त्यांच्याकडून इंजिनिअरांनीही चार गोष्टी शिकाव्यात. एखादी रचना खरोखर उपयोगी निघाली तर ती पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेच्या चाचणीपर्यंत नेण्याची खटपट एकटा मेस्त्री करू शकत नाही, सहकारी संस्था करू शकते. त्यासाठीच तर सहकार आहे. तिसरी, जास्त टनेज घालणाऱ्या सभासदाचा वार्षिक सभेत सत्कार करतो, तसा सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत देखण्या गाडीचाही करावा. या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत असल्या पाहिजेत, हीच अट.

ज्या पोराला आज आपण 'काय लोखंड कापत बसलाय दिवसभर' म्हणून हिणवतो, त्याच्या हातात उद्याचे ऊसतोडणीचे अवजार असू शकते. तोडणीला माणूस मिळेना, आणि मोठे यंत्र दोन-तीन एकरांच्या तुकड्यात धड वळत नाही, हे आपण रोज बोलतो. आपल्या सरीच्या मापाचे यंत्र बाहेरचा कोणी येऊन करून देईल, याची वाट किती वर्षे पाहायची? बेंदराला बैल सजवताना आधी त्याचे खूर पाहतात, खांदा सोललाय का ते पाहतात, मग झूल घालतात. तीच रीत गाडीला लावावी, इतकेच आमचे म्हणणे. सभासदांनी आपली मते आणि आपल्या गावच्या कारागिरांची नावे गट ऑफिसात जरूर कळवावीत.