शिडी नसलेला मनोरा आणि फुटबॉलचं मैदान

कळमेश्वरहून नागपूरला स्पर्धा खेळायला गेलेली आमची पोट्टी संध्याकाळच्या आत घरी परतली. एक सामना, एक गोल, हार. वर्षाचा फुटबॉल तिथंच संपला. एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी सरावाला येणाऱ्या एका पोराने विचारलं, "भाऊ, आता पुढची मॅच कधी?" मला उत्तर देता आलं नाही. बाद फेरीत हरलेल्याला 'पुढची मॅच' नसतेच.

लीगमध्ये ती असते. म्हणूनच मला मोठ्या क्लबांच्या झगमगाटापेक्षा खालच्या डिव्हिजनचा फुटबॉल जास्त जवळचा वाटतो. इंग्लंडमधला ल्युटन टाउन क्लब २००९ मध्ये चौथ्या श्रेणीतून खाली पडला आणि पाच वर्षं पाचव्या श्रेणीत खेळला. २०११ मध्ये बढतीच्या प्ले-ऑफची फायनल तो पेनल्टीवर हरला. २०१४ मध्ये वर आला. पुढे मे २०२३ मध्ये, वेम्बलीवर, कोव्हेंट्रीला पेनल्टीवरच हरवून थेट प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. पुढच्याच वर्षी तिथून खाली आला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक पायरी खाली. कुणी रडलं असेल, पण 'आमच्यावर अन्याय झाला' असं म्हणायला जागा नव्हती. २०२३ मध्ये तिथला नियम होता: पहिले दोन संघ थेट वर, तिसरा ते सहावा प्ले-ऑफमध्ये, तळाचे तीन खाली. नियम हंगामाआधीच सर्वांना माहीत असतो आणि मालकाचं आडनाव बघून तो बदलत नाही.

आता आपल्याकडे या. ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. प्रत्येक जात हा एक मजला, आणि मजल्यांना जोडणारी शिडीच नाही. खालचा कितीही लायक असो, वर जाणार नाही. वरचा कितीही नालायक असो, खाली येणार नाही. ही उपमा डोक्यात ठेवून भारतीय फुटबॉलकडे बघा.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीने देशाची आय-लीग जिंकली. आदल्याच हंगामात हा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. दुसऱ्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली आणि तो थेट विजेता झाला. प्रशिक्षक होते आपल्या मुंबईत वर्षानुवर्षं काम केलेले खालिद जमील. पण त्याच वर्षी सुपर लीगमध्ये दोन नव्या जागा निघाल्या, त्या बोली लावणाऱ्यांना मिळाल्या. विजेता ऐझॉल बाहेरच राहिला. पुढे शिडी लावली गेली. २०२३ मध्ये पंजाब आणि २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग आय-लीग जिंकून वर गेले. पण सुपर लीगच्या पहिल्या अकरा हंगामांत तळाला राहिला म्हणून एकही संघ खाली आला नाही. शिडी आली, ती अर्धीच!

आरक्षणाचा विषय निघाला की 'मेरिट, मेरिट' म्हणून ओरडणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. चॅम्पियनला बाहेर ठेवून पैसेवाल्याला आत घेतलं, तेव्हा तुमचं मेरिट कुठं होतं? पळवणकर बाळू आपल्या काळातला अव्वल गोलंदाज. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. त्याच्या भावाला, विठ्ठलला, ते मिळायला १९२३ साल उजाडावं लागलं. गुणवत्ता होतीच, शिडी नव्हती. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन 'स्लम सॉकर' सुरू केलं, ज्यावरून 'झुंड' आला, तिथंही हेच दिसलं. पोरांकडे खेळ आधीपासूनच होता. कुणीतरी दार उघडायचं बाकी होतं.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. जयंतीला आपण एका दिवसाची स्पर्धा घेतो, मोठी ट्रॉफी ठेवतो, पाहुण्यांचे सत्कार करतो. हरलेली पोरं दुपारीच घरी जातात. त्या खर्चात आठ संघांची, दर रविवारी चालणारी लीग होऊ शकते. दोन गट करा, वरचा आणि खालचा. खालचा पहिला वर, वरचा शेवटचा खाली, आणि आणखी एका जागेसाठी प्ले-ऑफ. मुलींचीही अशीच लीग करा. ग्रामपंचायत, नगरपरिषदेकडे मैदान मागा, लेखी मागा.

आणि हाच नियम आपल्या समित्यांना, गटांना लावून बघा. वीस वर्षं एकही मैदान न मारता अध्यक्षपदावर बसलेले नेते आपल्याकडे कमी आहेत का? आपल्या चळवळीत पद चढायची वाट आहे, उतरायची नाही. ज्या संघटनेत कुणी खाली येत नाही, तिथं नव्या पोराला जागा होणार कुठून? मनोरा फोडायला निघालेल्यांनी स्वतःचा छोटा मनोरा बांधू नये.

त्या पोराला मी आता उत्तर देऊ शकतो. पुढची मॅच पुढच्या रविवारी. पण ती भरवायची जबाबदारी आपली आहे.

जय भीम!