रोबो, नळीवाला आणि उघडता येणारं झाकण

फिनिक्सच्या उपनगरात घर घेतलं की बऱ्याचदा त्याच्याबरोबर परसातलं तळंही गळ्यात पडतं. तळं म्हणजे स्विमिंग पूल. (पूल म्हटलं की आमच्या आत्याला पुण्याचा लकडी पूलच आठवतो, म्हणून आमच्या घरी 'तळं' हाच शब्द रूढ झालाय.) चार महिने डुंबायचं आणि बारा महिने साफ करायचं, असा हा एकंदर मामला. एप्रिल-मेमध्ये पालो व्हर्डेची पिवळी फुलं, मग मेस्कीटच्या शेंगा, वर्षभर शेजारच्या बोगनवेलीचा कचरा आणि पावसाळ्यात धुळीची वादळं. ५ जुलै २०११ ला आलेल्या वादळाच्या गोष्टी इथले लोक अजून सांगतात.

तर हे सगळं हाताने काढणं शक्य नाही, यंत्र हवंच. पण कुठलं? हल्ली कुणाही मराठी मित्राकडे जेवायला गेलो की तळ्याकाठी एकच उपदेश मिळतो, "अरे, तू अजून तो नळीवाला वापरतोस? रोबो घे, रोबो!" सूर असा, की जणू मी अजून रॉकेलच्या स्टोव्हवर चहा करतोय.

मंडळी, माझं मत बरोबर उलटं आहे आणि आज ते ठासून मांडणार आहे. ज्याच्या तळ्याला धड पंप आहे, त्याने नळीवालाच घ्यावा.

आधी हे दोन प्राणी काय आहेत ते सांगतो, कारण भारतातल्या नातेवाइकांना या भांडणाचा संदर्भ नसणार. नळीवाला म्हणजे सक्शन क्लीनर. त्याला स्वतःची मोटर नसते. तळ्याचं पाणी गाळायला जो पंप असतोच, त्याच्या ओढीवर तो चालतो. भिंतीतल्या भोकाला लांब नळी जोडायची, दुसऱ्या टोकाला यंत्र. आतली रबरी झडप उघडझाप करते, पाण्याचे झटके बसतात आणि 'टक टक टक' करत स्वारी तळावरून सरकते. कचरा पंपाच्या टोपलीत आणि बारीक धूळ फिल्टरमध्ये. १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए नावाच्या इंजिनियरने 'क्रीपी क्रॉली' काढलं, ते याच जातीचं. त्यात हलणारा भाग जवळजवळ एकच होता. एकच!

रोबोचं तसं नाही. त्याला स्वतःच्या मोटरी, स्वतःचे ब्रश, स्वतःची जाळी आणि स्वतःचं डोकं. बाहेर ठेवलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून कमी दाबाची वीज केबलने त्याच्याकडे जाते. नव्या मॉडेलांत केबलही नाही, आत लिथियम बॅटरी. तो भिंती चढतो, पाण्याच्या रेषेवरचा मळ घासतो. बघायला मजा येते हे कबूल. आमच्या भाच्याने तर त्याच्याकडे बघत अख्खी संध्याकाळ काढली होती.

आता रोबोवाल्यांचा हुकमाचा एक्का : वीज. "नळीवाल्यासाठी मोठा पंप चालवावा लागतो, रोबो चिमूटभर विजेवर चालतो." वाक्य खरं आहे, पण अर्धंच. जुलै २०२१ पासून अमेरिकेत तळ्याच्या नव्या पंपांना वीजबचतीचे केंद्रीय नियम लागू झाले आणि जमिनीतल्या तळ्यांसाठी आता बहुतेक कमीजास्त वेगाचेच पंप मिळतात. वेग निम्मा केला की वीज साधारण एक अष्टमांश लागते, ही त्यांची गंमत. आमचा पंप एरवी १,४०० फेऱ्यांवर रमतगमत चालतो, तेव्हा त्याच्या पडद्यावर १८० वॅट दिसतात. नळीवाल्यासाठी तो २,४०० वर न्यावा लागतो, तेव्हा ७००.

करा हिशोब. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी तीन तास. पंप तेव्हाही हळू चालणारच होता, ते वजा केलं तर जास्तीची वीज दिवसाला दीड युनिट. रोबो दोन तासांत खाणार ०.३ युनिट. फरक १.२ युनिट, १५ सेंटच्या दराने १८ सेंट. वर्षाला झाले २८ डॉलर. नळीवाल्याची झडप आणि खालचा रबरी तळवा मी दरवर्षी बदलतो, त्याचे ४० धरा. एकूण ६८. माझा नळीवाला ३५० डॉलरचा, मित्राचा रोबो १,१०० चा. मधले ७५० डॉलर भरून निघायला अकरा वर्षं! आणि रोबोचे ब्रश आणि पट्टे मी यात धरलेलेच नाहीत. दर आणि पंप प्रत्येकाचा वेगळा, आकडे इकडेतिकडे होतील. पण 'वीज वाचते म्हणून रोबो स्वस्त' हे म्हणण्याआधी निदान कागद-पेन्सिल तरी घ्या की.

अकरा वर्षं रोबो टिकेल का? याच मित्राचा चौथ्या उन्हाळ्यात बंद पडला. कंपनीने (नाव सांगत नाही, सगळ्यांची तऱ्हा सारखीच) सांगितलं, मोटरचा डबा सीलबंद आहे, अख्खाच बदलावा लागेल. किंमत नव्या रोबोच्या निम्मी. वॉरंटी आदल्या वर्षीच संपलेली. मित्राने काय केलं? नवा रोबो घेतला आणि जुना कचऱ्यात टाकला. वर मलाच सांगतो, "तू जुन्या जमान्यातला!"

माझा खरा राग इथे आहे. नळीवाला बिघडला की कारणं मोजून चार. नळीला भोक, झडप फाटलेली, टोपली भरलेली, नाहीतर कुठूनतरी हवा शिरतेय. चारही मला बसल्या जागी शोधता येतात. माझ्या बारा वर्षांच्या मुलीलाही येतात, गेल्या उन्हाळ्यात झडप तिनेच बदलली. आपण ज्या घरांत वाढलो तिथे मिक्सर, इस्त्री, सायकल सगळं उघडलं जायचं. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला आपल्यासमोर उघडायचा आणि 'बघा, इथं कार्बन गेलाय' म्हणून दाखवायचा. वस्तू आपली आहे म्हणजे काय, हे तिथे कळायचं. जिचं झाकण उघडता येत नाही ती वस्तू आपली नसतेच. आपण फक्त तिचं भाडं आगाऊ भरलेलं असतं.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे तेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय.

एक, धूळ. रोबो धूळ स्वतःच्या जाळीत ठेवतो, फिल्टरवर भार येत नाही. बरोबर. पण वादळानंतर बरीच धूळ पाण्यात तरंगत असते आणि रोबो उचलणार फक्त त्याच्या वाटेत आलेली. फिल्टर धुणं काही चुकत नाही.

दोन, भिंती आणि पायऱ्या. भिंतींवर रोबो सरस, वादच नाही. पायऱ्यांवर मात्र दोघेही अडखळतात. आठवड्यातून एकदा लांब दांड्याचा ब्रश मारला की काम होतं, वर व्यायामही.

तीन, आणि हा मुद्दा थट्टेचा नाही : सुरक्षितता. पंपाची ओढ जीवघेणी ठरू शकते. २००२ मध्ये एक सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या तळाच्या झाकणाला ओढली जाऊन पाण्याखाली अडकली आणि दगावली. त्यातूनच २००७ चा केंद्रीय कायदा झाला. म्हणून नळी काढल्यावर भिंतीतल्या भोकावर स्प्रिंगचं, आपोआप मिटणारं झाकण असलंच पाहिजे. ते मोडलं असेल तर आधी ते बसवा, तोवर मुलांना पाण्यात सोडू नका. मात्र रोबो घेतला म्हणून ही काळजी संपत नाही. पंप आणि तळाची झाकणं तिथेच असतात. रोबो चालू असतानाही पाण्यात उतरायचं नसतंच.

ज्यांचा पंप लेचापेचा आहे किंवा ज्यांची जुनी पाइपलाइन हवा ओढते, त्यांनी खुशाल रोबो घ्यावा. पण उन्हाळ्यात सहा महिने आईबाबा येऊन राहणार असतील तर एवढं बघा, की पाण्याने भरलेलं ते आठ-दहा किलोचं धूड वाकून वर कोण काढणार? बाबा 'मी काढतो' म्हणणारच, तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा दुकानात गेलात तर भिंत चढतो का, फोनवरून चालतो का, हे नंतर विचारा. आधी तीन प्रश्न : झाकण कुठल्या पान्याने उघडतं? सुटे भाग किती वर्षं मिळतील? आणि तुम्ही स्वतः हे यंत्र दुरुस्त करता, की फक्त विकता? तिसऱ्या प्रश्नाला विक्रेता हसला, तर पाकीट खिशातच राहू द्या.