कॅसेटी पेटीबाहेर काढा

जालना जिल्ह्यात भीमजयंती १४ एप्रिलला सुरू होते आणि मे महिन्यापर्यंत गावोगाव चालू राहते. गायन पार्टीची तारीख मिळेल तसा गावाचा कार्यक्रम ठरतो. डीजेने त्यातलं बरंच गिळलं. तरी विहाराच्या ओट्यावर बसलेल्या जुन्या मंडळींत एक वाद अजून रंगतो : वामनदादांचं अमुक गाणं बाजारातल्या कॅसेटीत आहे ते खरं, की आपल्या गावात त्यांनी म्हटलं होतं ते? मग कुणीतरी तावातावाने घरी जाऊन पुरावा म्हणून कॅसेट घेऊन येतो. वाजवायला टेप मात्र कुणाकडेच नसतो.

वामनदादा कर्डक १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि १५ मे २००४ रोजी गेले. सहा दशकं ते गाणं लिहीत आणि गात हिंडले. त्यांची गाणी हजारांच्या घरात, पुस्तकांत छापली गेली ती त्यातली थोडी आणि कंपन्यांनी काढली ती त्याहून थोडी. तीही बरीचशी दुसऱ्या गायकांच्या गळ्यातून. कंपनीच्या गाण्याला पाच-सहा मिनिटांचं माप. फडात तेच गाणं वीस मिनिटं चालायचं, कारण दादा गावाकडे बघून गायचे. समोर बाया जास्त असतील तर एक कडवं वाढायचं, गावात नुकतं काही घडलं असेल तर दुसरं. हा ऐवज राहिला तो फक्त हौशी चाहत्यांच्या कॅसेटींत.

मंठ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांकडे अशी एक कॅसेट ऐकली. साठ मिनिटांची, पाठीमागच्या दोन्ही खिट्या मोडलेल्या, म्हणजे कुणी चुकूनही वर दुसरं काही भरू नये. सुरुवातीला भोंग्याची शिट्टी, मग पेटी, मग ढोलकी. गाणं ऐन रंगात आलं की कुणीतरी माइकवर येतो : अमुक यांच्याकडून पार्टीला अकरा रुपये. गायक थांबत नाही. देणाऱ्याचं नाव तो पुढच्या ओळीत गुंफून टाकतो आणि टाळ्या पडतात. मध्येच जनरेटर बसतो, आवाज खोल जातो, पोरं ओरडतात. तिसाव्या मिनिटाला कडवं अर्ध्यावर असताना पहिली बाजू संपते. कॅसेट पालटेपर्यंत दोन ओळी गेल्या, त्या गेल्याच. त्या ओळी कोणत्या असतील यावर गुरुजी तासभर बोलू शकतात. हे वेड आहेच, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

मोलाचं अशासाठी की, कंपनीला जे गैरसोयीचं तेच इथे सापडतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या सोळा वर्षांत मराठवाड्यातले कवी-गायक आठवड्याच्या बातमीवर गाणं बांधत होते. असली गाणी स्टुडिओपर्यंत कशाला जातील? मुंबईचे शाहीर विलास घोगरे यांचं उदाहरण घ्या. तिथल्या रमाबाई नगरमधल्या पोलीस गोळीबारानंतर, जुलै १९९७ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांचा आवाज आज ऐकू येतो, कारण आनंद पटवर्धनांनी कितीतरी आधी, ‘हमारा शहर’ या माहितीपटासाठी तो चित्रित करून ठेवला होता.

परदेशात असा ऐवज कंपन्याही काढतात. लंडनच्या ‘पोग्ज’ या बँडने १९८२ पासून आयरिश लोकगीतं पंकच्या धिंगाण्यात म्हटली. चाहत्यांची भूक ओळखून २००८ साली त्यांच्या अप्रकाशित आणि दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा पाच सीडींचा संचच बाजारात आला. आपल्याकडे असा संच काढायला कुणी कंपनी येणार नाही, हे धरून चालावं. गोदावरीपलीकडे माजलगावात १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या भीमओव्या टेप झाल्या; त्या आज कुणालाही ऐकता येतात. नदीच्या अलीकडच्या कॅसेटी मात्र पेटीत आहेत.

आता कडू बोलायला हवं. या पेट्यांना कुलूप आहे ते ‘ही फक्त माझ्याकडंच आहे’ या मिजाशीचं. कॅसेट उसनी दिली आणि तिच्यावर लग्नाची गाणी भरून परत आली, असे अनुभव आहेत, हे मान्य. पण मूळ कॅसेट देऊच नका, नक्कल द्या. फितीवरचा लोहाचा थर मिजास ओळखत नाही. पत्र्याच्या घरातला मे महिना, पावसाळ्यातली बुरशी, फितीमागच्या नमद्याचा निखळलेला तुकडा, एवढ्यावर तो आवाज जातो. पेटीवाला गेला की पोरं पेटी भंगारात देतात, हेही आपण बघतोच.

नक्कल करताना गाणी तोडू नयेत. हेडफोनच्या भोकातून वायर थेट संगणकाला जोडावी, पूर्ण बाजू सलग भरावी, एमपी-थ्री नव्हे तर वेव्ह ठेवावी. बक्षिसाच्या घोषणा, जनरेटर, पोरांचा दंगा, सगळं राहू द्यावं. गाव, साल, ढोलकीवाल्याचं नाव आठवतंय तोवर लिहावं. यूट्यूबवर टाकून पैसे करण्याचा उद्योग मात्र नको : १९५७ च्या कायद्याने गीतावरचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे वामनदादांच्या बाबतीत २०६४ अखेरपर्यंत. वारसांना विचारा. अभ्यासासाठी नक्कल जपण्याच्या आड कायदा येत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या ज्या विद्यापीठाच्या नावासाठी ही गाणी गायली गेली, त्याच्या मराठी विभागाने एक चालू टेप, एक संगणक आणि दोन विद्यार्थी घेऊन या उन्हाळ्यात जालना, अंबड, परतूर, मंठा असा फेरा करावा. पेटीवाल्यांनी त्यांना चहा पाजावा आणि कुलूप काढावं.