नत्राचा रकाना कोरा ठेवा

खोडवा पिवळा पडल्याची पत्रे या महिन्यातही आली आहेत. त्यांना जोडलेल्या मृद आरोग्य पत्रिका पाहून संताप येतो. पाचट ठेवलेले रान, सेंद्रिय कर्ब 0.5 वरून 0.8 टक्क्यांवर गेलेला, म्हणून उपलब्ध नत्र ‘जास्त’ आणि म्हणून युरियात कपात. ऊस मात्र नत्रावाचून उपाशी.

हा नत्र कोणी मोजलेलाच नाही. अल्कलाइन परमँगनेट पद्धतीला वेळ लागतो, म्हणून अनेक प्रयोगशाळा वॉकली-ब्लॅकच्या कर्बावरूनच नत्राचा रकाना भरून मोकळ्या होतात. नमुन्यातला सगळा कर्ब मुरलेल्या सेंद्रिय पदार्थाचा आहे आणि त्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर 10 ते 12 आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. पाचटाचे गुणोत्तर 80 ते 100 च्या घरात असते. पाचट म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. मातीत मुरलेल्या पदार्थात मोठा वाटा असतो तो मेलेल्या जिवाणू-बुरशींच्या नत्रयुक्त अवशेषांचा, तोही चिकणमातीच्या कणांना चिकटलेला. पाचटाचे तुकडे न वेचता नमुना कुटला की वॉकली-ब्लॅकमधल्या डायक्रोमेटला दोन्ही कर्ब सारखेच. पाचट कुजवताना जिवाणू जमिनीतला नत्र स्वतःत अडकवून ठेवतात, नेमके तेव्हाच कागदावर नत्र वाढलेला दिसतो! यावर एका वाचकाला मिळालेले उत्तर असे: संगणकात रकाना रिकामा सोडता येत नाही.

मग संगणकातली ही अट बदला. तिची किंमत शेतकऱ्याने का मोजायची?

आपल्यातलेही काही जण कमी दोषी नाहीत. ‘पाचट जाळू नका’ असे सांगायचे, जिवाणू संवर्धकाची बाटली हातात द्यायची आणि पुढचे विसरायचे, असे चालले आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्लाइव्ह कर्कबी यांनी 2011 मध्ये जगभरच्या मातींची तुलना करून दाखवले की स्थिर सेंद्रिय पदार्थात 10,000 भाग कर्बामागे साधारण 833 भाग नत्र, 200 भाग स्फुरद आणि 143 भाग गंधक असतो. टनभर पाचटात सुमारे 400 किलो कर्ब. त्याचा पाचवा हिस्सा जमिनीत टिकवायचा, तर पावणेसात किलो नत्र, 1.6 किलो स्फुरद आणि सव्वा किलोच्या आत गंधक लागतो. एवढे पाचटात नसते. टनाला 8 किलो युरिया आणि 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट ही आपली जुनी शिफारस ही तूट भरून काढते. सुपरमधला गंधकही इथे कामी येतो. तरीही सुपरऐवजी डीएपी सुचवणारे सल्लागार आहेत, आणि त्यात गंधक नाही.

प्रयोगशाळाप्रमुखांनो, पाचटाच्या रानातला नमुना कुटण्याआधी तुकडे वेचून काढा. नत्र मोजला नसेल तर ‘मोजला नाही’ असे लिहा आणि पद्धतीचे नाव पत्रिकेवर छापा. कारखान्यांच्या शेतकी अधिकाऱ्यांनो, या हंगामात खोडव्याच्या प्रत्येक प्लॉटमधून दोन नमुने काढा, एक तुकडे वेचलेला आणि एक न वेचलेला. दोन्हींतला कर्ब आणि प्रत्यक्ष मोजलेला नत्र आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकांची पाने त्या आकड्यांसाठी राखून ठेवली आहेत.